लॅमिंग्टन रोडची काळी वायर

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केले. आमच्या परळच्या चाळीत ते पोहोचले काही वर्षांनी, तेही एकाच फोनवर. तीन घरांनी वाटून घ्यायचे ठरले. लॅमिंग्टन रोडवरून जुनी नेटवर्क कार्डे आणि काळी कोअ‍ॅक्सियल केबल आणली. ही केबल १८५ मीटरपर्यंत चाले. दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर लावले की झाले, हब घ्यावा लागत नसे. स्वस्ताई होती ती इथेच. पण मधल्या काकूंच्या केरसुणीने वायर तुटली, की तिन्ही घरे बंद! मग अबोला असला तरी अम्मी त्यांचे दार वाजवी. पुढे हब स्वस्त झाले, प्रत्येक घराची वायर वेगळी झाली. काकूंची तुटली, ते आम्हाला आठवड्याने कळले.