चिल्ल्यातले तीस दिवस

सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाला उर्दूत 'सतवाँसा' म्हणतात, मराठीत सातमाशी पोर. दोन्ही भाषांत शब्द आहे आणि त्याला चिकटलेली समजूतही एकच आहे: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. ही समजूत खोटी आहे. आईच्या पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट. पण अशा बाळाच्या डोळ्यांना जो आजार होतो, त्याला मात्र ना उर्दूत घरगुती नाव आहे ना मराठीत. डोळे येणं, फूल पडणं, मोतीबिंदू, रातांधळेपणा या सगळ्यांना आपल्या आजीकडे नाव होतं. याला नाही, कारण आजीच्या तरुणपणी हा आजार जवळपास नव्हताच. एवढं लहान बाळ जगतच नसे, मग त्याचे डोळे बिघडणार कधी?

डॉक्टर त्याला रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात, दवाखान्याच्या बोलीत आरओपी. मी भाषेची शिक्षिका, विज्ञानाची नाही. तरी या आजाराचा इतिहास मी हाताला लागेल तिथून वाचत गेले, कारण असा विचित्र इतिहास मी दुसऱ्या कुठल्या आजाराचा वाचलेला नाही.

बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ थिओडोर टेरी यांनी १९४२ साली पहिल्यांदा त्याची नोंद केली. दिवस भरण्याआधी जन्मलेली, काही महिन्यांची झालेली बाळं, आणि त्यांच्या बाहुलीमागे पांढुरका पडदा. टेरी १९४६ साली वारले. कारण त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

कारण न कळण्याचं एक कारण असं, की या आजाराची चाल उलटी होती. आजार म्हटला की तो आधी गरिबाच्या दारात जातो. हा मात्र श्रीमंत देशांतल्या, उत्तम सोयी असलेल्या दवाखान्यांत जास्त दिसायचा. १९५३ पर्यंत जगभरात सुमारे दहा हजार बाळं त्याने आंधळी झाली असा अंदाज आहे. जीवनसत्त्वं, लोह, प्रकाश, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. न्यूयॉर्कमध्ये विल्यम सिल्व्हरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसीटीएच नावाचं संप्रेरक देऊन पाहिलं, तर बहुतेक बाळांचे डोळे वाचले. सगळे खूश झाले. मग त्यांनीच चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून तुलना केली, तेव्हा औषध दिलेल्यांपैकी एक तृतीयांश बाळं आंधळी झाली आणि न दिलेल्यांपैकी एक पंचमांश. म्हणजे आधी जी बाळं वाचली ती औषधामुळे नव्हे, आपसूकच वाचली होती. सिल्व्हरमन यांनी ही गोष्ट लपवली नाही, पुढे आयुष्यभर सांगितली. माझ्या लेखी हा मोठा माणूस.

खरा धागा ऑक्सिजनकडे जात होता. चाळिशीच्या दशकात बाळाला ठेवायच्या पेट्या जास्त घट्ट बंद होणाऱ्या आल्या आणि त्यात ऑक्सिजन मुक्तहस्ते सोडला जाऊ लागला. बाळ निळं पडतं, ऑक्सिजन दिला की गुलाबी होतं. मग हात कोण आखडता घेईल? १९५१ साली मेलबर्नच्या केट कँपबेल यांनी दाखवलं, की जिथे ऑक्सिजन हात राखून दिला जातो तिथे अंधत्व कमी आहे. त्याच सुमारास वॉशिंग्टनच्या गॅलिंगर म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये आर्नल पॅट्झ हा तरुण डॉक्टर हेच पडताळून पाहत होता. काही बाळांना भरपूर ऑक्सिजन, काहींना गरजेपुरताच. सरकारी मदत त्याला नाकारली गेली, कारण बाळांचा ऑक्सिजन कमी करणं हेच अनैतिक वाटत होतं. त्याने भावाकडून पैसे घेतले. आणि रात्री काय व्हायचं? डॉक्टर घरी गेले की काही जुन्या नर्सबाई कमी ऑक्सिजनवाल्या बाळांचे कॉक हळूच उघडून ठेवायच्या. या लेकरांना मारायला बसलेत की काय, असं त्यांना वाटे. त्या बायकांना मी दोष देऊ शकत नाही. त्यांच्या जागी असते तर मीही कॉक उघडला असता.

मग १९५३ मध्ये अमेरिकेतल्या १८ रुग्णालयांनी मिळून मोठी चाचणी केली. बाळांची संख्या भरली ७८६. (आमच्याकडे हा आकडा लग्नपत्रिकेच्या माथ्यावर असतो, इथे तो योगायोगाने आलाय, पण वाचताना मी थबकले खरी.) १९५४ साली निकाल जाहीर झाला: दोष ऑक्सिजनच्या अतिरेकाचा. जगभर कॉक बंद झाले आणि अंधत्व झपाट्याने घटलं.

गोष्ट इथे संपत नाही. त्या चाचणीत बाळांना जन्मानंतर ४८ तासांनी घेतलं होतं. पहिल्या दोन दिवसांत ऑक्सिजन तोडला तर काय होतं, हे तिने तपासलंच नव्हतं. नियम मात्र पहिल्या श्वासापासून लागू झाला. १९७३ साली इंग्लंडचे केनेथ क्रॉस यांनी हिशेब मांडला, की एका बाळाची नजर वाचवताना सुमारे सोळा बाळं दगावली असावीत. आंधळ्या मुलांच्या आया दिसत होत्या, बोलत होत्या. दगावलेल्या बाळांचे मृत्यू 'अपुऱ्या दिवसांचं होतं' या खात्यात जमा झाले.

घडतं ते असं. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, रक्तवाहिन्या गर्भाच्या सोळाव्या आठवड्याच्या सुमारास वाढू लागतात आणि कडेपर्यंत पोचायला जवळपास चाळीस आठवडे लागतात. बाळ तिसाव्या आठवड्यात बाहेर आलं तर काम अर्धवट राहतं. जादा ऑक्सिजनने वाढ थबकते; पुढे उपाशी पडदा हाका मारू लागतो आणि भलत्याच, कमकुवत वाहिन्या फुटतात. त्या ओढ देऊन पडदाच सोडवतात. पडदा सुटला की फारसा इलाज उरत नाही. पण त्याआधी काही आठवडे मिळतात. १९८८ साली गोठवण्याच्या उपचाराने नजर वाचते हे सिद्ध झालं. आज लेसर आहे, इंजेक्शन आहे. फक्त त्या काही आठवड्यांत कुणीतरी बुबुळ मोठं करणारे थेंब घालून आत बघितलं पाहिजे. बाहेरून डोळा अगदी टपोरा, छान दिसतो.

भारतात हा आजार उशिरा आला, आणि आपली प्रगती झाली म्हणून आला. लंडनच्या क्लेअर गिल्बर्ट यांनी १९९७ साली दाखवून दिलं होतं, की अतिगरीब देशांत ही बाळं जगत नाहीत, श्रीमंत देशांत काळजी बारीक घेतली जाते, आणि अंधत्व साठतं ते मधल्या देशांत. तिथे पेटी पोचते, पण ऑक्सिजन मोजणारं यंत्र आणि डोळे बघणारा डॉक्टर पोचत नाहीत. आपण त्या मधल्यांत. २०२० साली भारतात सुमारे तीस लाख बाळं वेळेआधी जन्मली, जगात सर्वांत जास्त. शिवाय अमेरिकेत साधारण दीड किलोच्या आतल्या बाळांचे डोळे तपासतात; आपल्याकडे त्याहून वजनदार बाळांनाही आजार होतो, म्हणून आपला नियम वेगळा आहे: दोन किलोपेक्षा कमी वजन किंवा ३४ आठवड्यांच्या आतला जन्म असेल, तर तीस दिवसांच्या आत तपासणी. फारच लहान, म्हणजे १२०० ग्रॅमच्या किंवा २८ आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर दोन ते तीन आठवड्यांतच.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला तो आपल्या महाराष्ट्रात, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमध्ये. त्याच्या तीस आजारांच्या यादीत आरओपी आहे. पुण्याच्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात डॉ. सुचेता कुलकर्णी यांनी या आजारावर काम करून शोधनिबंध लिहिले आहेत. शेजारच्या कर्नाटकात डॉ. आनंद विनेकर यांनी २००८ पासून वेगळीच वाट काढली: प्रशिक्षित तंत्रज्ञ गाडीतून कॅमेरा घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जातात, बाळाच्या पडद्याचे फोटो काढतात आणि बंगळुरूत बसलेला डॉक्टर ते पाहून सांगतो.

आणि न सांगण्याची किंमत सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०१५ ला मोजून दाखवली. १९९६ साली चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात २९ आठवड्यांची, १२५० ग्रॅमची मुलगी जन्मली. पेटीत राहिली, जगली, घरी गेली. डोळे तपासून घ्या, हे आईवडिलांना कुणी सांगितलं नाही. ती साडेचार महिन्यांची झाली तेव्हा कळलं, आणि उशीर झाला होता. भरपाई सुमारे एक कोटी ऐंशी लाख रुपये. वडील अठरा-एकोणीस वर्षं लढले.

आता कोल्हापूर. आमच्याकडे बाळंतीण चाळीस दिवस उंबरा ओलांडत नाही. त्याला चिल्ला म्हणतात. पलीकडच्या गल्लीत तोच सव्वा महिना. तपासणीचे तीस दिवस नेमके त्याच्या पोटात येतात. मागे गल्लीतल्या एका सासूबाईंनी डिस्चार्ज कार्ड माझ्याकडे आणलं. टीचर आहे, इंग्रजी वाचते म्हणून. बाळ एकतिसाव्या आठवड्यातलं, चौदाशे ग्रॅमचं, एकोणीस दिवस काचेत राहून आलेलं. औषधांच्या खाली, अगदी तळाशी, एका ओळीत आरओपी आणि चार आठवडे एवढंच लिहिलेलं. तोंडाने कुणी काही सांगितलं नव्हतं. मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "चिल्ला हुए बगैर बच्चे को बाहर कैसा निकालते आपा?"

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, की बाळंतिणीला या दिवसांत नमाज-रोज्याची सूट आहे, पण दवाखान्यात जायला शरियतमध्ये कुठे मनाई आहे ते दाखवा. तरीही पटत नसेल तर सुनेला घरी ठेवा आणि बाळाला तुम्ही घेऊन चला. हा दुसरा उपाय लागू पडला. सत्ताविसाव्या दिवशी बाळ कुंचीत गुंडाळून, रिक्षाचे दोन्ही पडदे सोडून आम्ही थोरल्या दवाखान्याच्या, म्हणजे सीपीआरच्या, रस्त्याने डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. वाहिन्या अजून कडेपर्यंत पोचल्या नव्हत्या. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, मग आणखी एकदा. लेसर लागलं नाही.

आशाताई घरी येतात त्या दिवसांत अठ्ठाविसावा दिवस असतो. तेव्हा आठवण करायची तर दोन दिवसच हातात उरतात, म्हणून आमच्या भागातल्या आशाताईंनी मला आधीच देता येईल अशी चिठ्ठी लिहून मागितली, मराठीत आणि उर्दूत. आजाराच्या नावापाशी पेन अडला. शेवटी एका बाजूला 'डोळ्याच्या पडद्याची तपासणी' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'आँख के पर्दे की जाँच', आणि खाली तारखेसाठी मोठी रिकामी चौकट ठेवली.