जुन्या इंजिनांचा कॅमशाफ्ट : नांदेड-लातूरच्या वाहतुकीच्या संदर्भात

मराठवाड्यातील मोटारींचा इतिहास बहुधा रस्त्यांच्या आणि एस.टी.च्या इतिहासाचा भाग म्हणून सांगितला जातो; त्या गाड्यांची इंजिने कोणत्या कामासाठी घडवली होती, याचा विचार त्यात क्वचितच होतो. निजामाच्या राज्य रेल्वेने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी रस्ते वाहतूक सुरू केली, तेव्हा नांदेड मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्गावर होते आणि लातूरला १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन पोचलेली होती. या दोन बाजारपेठांमधले आणि त्यांच्या तालुक्यांतले बरेचसे अंतर मात्र रस्त्यानेच काटावे लागे. अहमदपूर-लोह्यावरून जाणारा, बालाघाटचे चढउतार ओलांडणारा असा तो रस्ता भरलेल्या गाडीकडून वेगापेक्षा ओढ मागणारा होता.

स्वातंत्र्यानंतरच्या आयातबंदीच्या काळात खासगी वापरासाठी आणि सरकारी खात्यांसाठी मुख्यतः मोजकीच वाहने उपलब्ध होती : कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याची १०८९ सीसीची फियाट, १९५९ पासून १४८९ सीसीचे बीएमसी इंजिन मिळालेली अँबॅसिडर आणि महिंद्रची जीप. या तिन्हींच्या पेट्रोल इंजिनांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच बसवलेला असे. क्रँकशाफ्टच्या निम्म्या गतीने फिरणाऱ्या या दंडावरील उंचवट्यांना कॅम म्हणतात. ते सहसा टॅपेट, पुशरॉड आणि रॉकर यांच्यामार्फत व्हॉल्व्ह उघडतात. जीपच्या २१९९ सीसीच्या हरिकेन इंजिनाची रचना तर विशेष अभ्यासनीय आहे, कारण त्यात आत घेणारे व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असून दोहोंना एकच कॅमशाफ्ट चालवतो.

कॅमशाफ्टचा स्वभाव मुख्यतः दोन मापांवरून ठरतो. व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवरून किती उचलला जातो ती लिफ्ट, आणि क्रँकच्या किती अंशांपर्यंत तो उघडा राहतो ते ड्युरेशन. या मापांचे महत्त्व अँबॅसिडरच्या कुळातूनच उत्तम रीतीने स्पष्ट होते. तिचे मूळ असलेल्या मॉरिस ऑक्सफर्डमध्ये आणि १९५५ च्या एमजीए या क्रीडामोटारीत १४८९ सीसीचे एकाच घराण्याचे इंजिन होते. परंतु ऑक्सफर्डचा आत घेणारा व्हॉल्व्ह पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याच्या ५ अंश आधी उघडून खालच्या टोकानंतर ४५ अंशांनी मिटे, तर एमजीएचा १६ अंश आधी उघडून ५६ अंशांनी मिटे. मधल्या अर्ध्या फेऱ्याचे १८० अंश मिळवले, की पहिल्याचे ड्युरेशन २३० आणि दुसऱ्याचे २५२ अंश भरते. इंजिन जोरात फिरत असताना वेगात आलेला पेट्रोल-हवेच्या मिश्रणाचा प्रवाह पिस्टन वर वळल्यावरही आत शिरत राहतो, म्हणून उशिरा मिटणारा व्हॉल्व्ह लाभदायक ठरतो. पण मंद गतीत तोच व्हॉल्व्ह आत आलेले मिश्रण पुन्हा बाहेर ढकलू देतो. प्रवासी आणि सामान घेऊन चढाला लागलेल्या अँबॅसिडरमध्ये एमजीएचा कॅमशाफ्ट बसवणे म्हणजे तिची मूळ ताकदच काढून घेणे होय, आणि ‘परफॉर्मन्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कॅमशाफ्टबाबत हा विचार आधी झाला पाहिजे.

निवडीइतकेच मोजमाप महत्त्वाचे, कारण कॅमशाफ्टच्या पेटीवरची ड्युरेशनची संख्या कोणत्या बिंदूपासून मोजली हे कळल्याशिवाय ती निरर्थक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये एड इस्केंडेरियन यांच्यासारखे कारागीर जुन्या फोर्ड इंजिनांसाठी कॅम घासून देऊ लागले आणि हा व्यवसाय फोफावला. पुढे अमेरिकेत टॅपेट ०.०५० इंच, म्हणजे १.२७ मिलिमीटर, उचलला गेल्यापासून अंश मोजण्याची रीत रूढ झाली. प्रत्यक्ष मोजणीत क्रँकच्या टोकाला अंशांची तबकडी लावतात, पहिल्या पिस्टनचे वरचे टोक निश्चित करतात आणि टॅपेटवर डायल गेज टेकवून क्रँक हाताने, नेहमीच्याच दिशेने फिरवतात. उलट फिरवल्यास टायमिंग चेनची ढील मापात शिरते. कॅमची उचल रॉकरच्या गुणोत्तराने, बीएमसीच्या या इंजिनात साधारण १.४ ने, गुणून त्यातून टॅपेटची फट वजा केली, की व्हॉल्व्हची खरी लिफ्ट मिळते. कॅम झिजला असेल तर तो येथेच उघडा पडतो.

झिजलेला कॅम पुन्हा घासून वापरता येतो. मात्र त्यासाठी कॅमची गोल पाठ लहान करावी लागते, आणि तेवढे अंतर टॅपेटच्या स्क्रूने किंवा लांब पुशरॉडने भरून काढावे लागते. घासण्यालाही मर्यादा असते. सोलापुरात १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी ज्या चिल्ड कास्ट आयर्न पद्धतीसाठी ओळखली जाते, तीत ओतकाम करताना कॅमच्या जागी धातूचे तुकडे ठेवून तेथील लोखंड झपाट्याने थंड केले जाते, त्यामुळे पृष्ठभागाशी कठीण थर तयार होतो आणि आतला गाभा तुलनेने मऊ राहतो. अशा पद्धतीने ओतलेला कॅम त्या थराच्या खोलीपलीकडे घासला, तर माप कितीही अचूक आले तरी तो थोड्याच काळात टॅपेटखाली झिजून सपाट होतो.