एक ताट जास्तीचं

‘स्वतःचं ताट, वाटी व पेला सोबत आणावा.’ वसतिगृहाच्या छापील यादीत ही ओळ आजही असते. बादली, मग, कुलूप, उशी, मच्छरदानी यांच्यासोबत ती निमूट उभी असते आणि मुलं ती वाचून पुढे जातात. सोयीसाठी लिहिलेली ओळ आहे, हे मलाही कळतं. पण आमच्या घरातल्या तीन पिढ्यांच्या पेट्या मी भरताना पाहिल्या किंवा ऐकल्या आहेत, आणि त्या पेट्यांमध्ये ताटाइतका विचार दुसऱ्या कुठल्याच वस्तूचा झाला नाही.

आमच्या भागाला कॉलेज म्हणजे नागपूर. हिस्लॉप कॉलेज १८८३चं, मॉरिस कॉलेज १८८५चं, विद्यापीठ १९२३चं. भंडारा जिल्ह्यातून तिथे पोचणं तसं कठीण नव्हतं. छत्तीसगडकडे जाणारी रेल्वे १८८०च्या दशकातच वरठी-तुमसरवरून गेली होती आणि पवनीकडच्या लोकांसाठी पुढे नागपूर-नागभीडची छोटी गाडी आली. कठीण होतं ते तिथे राहणं. शाहू महाराजांनी १९०१पासून कोल्हापुरात एकेका समाजाची बोर्डिंगं काढली. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं १९२५मध्ये सोलापुरात वसतिगृह सुरू केलं. नागपुरात किसन फागोजी बनसोडे यांच्या पिढीनं चोखामेळ्याच्या नावानं शाळा काढली, त्याच नावाचं वसतिगृहही उभं राहिलं. समाजासमाजाची वेगळी वसतिगृहं कशाला, असं माझे विद्यार्थी विचारायचे. मी त्यांना स्वयंपाकघरापासून सांगायला लागायची. एका आचाऱ्याच्या हातचं सगळे जेवणार नाहीत, एका माठातलं पाणी सगळे पिणार नाहीत, मग एका खोलीत राहणार कसे? आमच्या मुलाला कोणी खोली दिली असती तरी पाण्याचा गडवा कोणी दिला नसता. तो घरूनच न्यावा लागे.

माझे वडील १९५३च्या जूनमध्ये निघाले. पवनीजवळच्या आमच्या खेड्यातून बैलगाडीनं पवनी रोड स्टेशन, तिथून छोटी गाडी. (ती लाइन २०१९मध्ये रुंदीकरणासाठी बंद झाली.) सोबत टिनाची काळी पेटी आणि सुतळीनं बांधलेली वळकटी. वळकटीत शिंदीची चटई, आजीनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आणि एक जाड चादर. पेटीत दोन धोतरं, दोन सदरे, कंदील, पायलीभर तांदूळ, जवसाची चटणी, मूगवड्या. आणि भांडी. भंडारा हे पितळेचं गाव, कासारांच्या ठोक्यांवर चाललेलं. गुंड, गडवे, कोपर, गंगाळं तिथून साऱ्या झाडीपट्टीत जायची. शेतमजुराच्या घरातही लग्नात आलेला एखादा गुंड असायचाच, आणि अडीअडचणीला तोच गहाण पडायचा. आजोबांनी वडिलांसाठी एक गडवा आणि दोन ताटं घेतली. दोन का, असं कासारानं विचारलं म्हणे. उत्तर आजीनं दिलं होतं, घरून निघतानाच : “एक ताट जास्तीचा धर. खोलीत कोनी येईल, त्याच्यापाशी नसंल.”

या वाक्यापाशी मी नेहमी थांबते. आजीचं सारं आयुष्य दुसऱ्यांच्या अंगणात वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं पिण्यात गेलं होतं. तिच्या भांड्याला कोणी हात लावत नव्हतं. अशी बाई मुलाला शिकायला पाठवताना, त्याला कोणी ताट देईल की नाही याची काळजी करत बसली नाही. तो कोणाला देईल, याची तिनं तजवीज केली.

भांड्यांवर नाव घालायची पद्धत होती. कासार छिन्नी आणि हातोडीनं ठिपका ठिपका उठवत अक्षरं काढायचा. आजोबांनी नाव आणि गाव घालायला सांगितलं. आडनाव घालू दिलं नाही. पेटीवरही पांढऱ्या रंगात तेवढंच. आडनाव वाचून लोक गाडीतली जागा बदलतात, हे त्यांनी पाहिलं होतं. ते ताट आज माझ्याकडे आहे. ठिपके झिजलेत, तरी बोट फिरवलं की कळतात.

पितळेची एक अडचण होती, ती मात्र घरात कोणाला सुचली नाही. पितळेला कल्हई लागते. ती उडाली की आंबट कालवण कळकतं आणि पोट बिघडतं. गावात कल्हईवाला फिरत यायचा, झाडाखाली भाता लावायचा, भांडं तापवून त्यात नवसागर टाकायचा, धूर उठला की कथलाचा तुकडा फिरवून कापसाच्या बोळ्यानं आतून पुसून घ्यायचा. काळवंडलेलं भांडं पांढरंशुभ्र होऊन पाण्यात चर्रकन बुडायचं. नागपुरात त्याचे पैसे पडत, म्हणून वडील ताटं सुट्टीत घरी आणत. १९५४च्या उन्हाळ्यात ते असेच ताटं घेऊन आले. त्या मे महिन्यात भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला बाबासाहेब उभे होते. वडील गावोगाव सायकलीनं हिंडले. बाबासाहेब हरले. जूनमध्ये कल्हई केलेली ताटं घेऊन वडील परत गेले. त्या सुट्टीबद्दल ते एवढंच सांगत, त्याहून जास्त कधी बोलले नाहीत.

१९५६च्या ऑक्टोबरबद्दल मात्र भरभरून बोलत. १४ तारखेच्या धम्मदीक्षेसाठी आधीपासूनच गावाकडची माणसं नागपुरात पोचायला लागली होती. पायी, गाडीनं, बैलगाडीनं, शिदोऱ्या बांधून. वडिलांच्या खोलीत तीन मुलं राहायची, त्या दिवसांत तिथे किती माणसं निजली याचा हिशोब राहिला नाही. भाकरी सोबत होती, भांडी नव्हती. दोन ताटं आणि एक गडवा आळीपाळीनं फिरत राहिले. एक जेवला की ताट विसळून दुसऱ्याला. जास्तीच्या ताटाचा उपयोग आजीनं योजला होता त्याहून फार मोठा झाला.

मी गेले १९७८मध्ये. तोवर पितळ घरातून उतरणीला लागलं होतं. स्टील महाग होतं, म्हणून माझ्या पेटीत जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा आणि वडिलांचं एक पितळी ताट. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा यायचे. मधला खर्च आईच्या बिड्यांवर. तेंदूची पानं भिजवायची, साच्यानं कापायची, तंबाखू भरून वळायची, हजार बिड्यांवर मजुरी. बिडी कामगारांच्या मुलांसाठी कल्याण निधीचा कायदा १९७६मध्ये झाला, त्यातून पुढे माझ्या धाकट्या भावाला शिष्यवृत्ती मिळाली. माझ्या वह्यांना मात्र तंबाखूचा वास होता. आई ज्या कोनाड्यात सूप ठेवायची तिथेच मी वह्या ठेवायची.

खोलीत आम्ही तिघी. एक वर्धेकडची, एक पुण्याहून आलेली. वर्धेच्या मुलीला घरून ताकीद होती, कोणाच्या ताटात जेवायचं नाही. ती ते लपवत नव्हती, आणि मला त्याचा राग आला तरी तिच्या सरळपणाचं बरंही वाटायचं. पुण्याची घाबरायची ती माझ्या लाखोरीच्या डाळीला. धान निघाल्यावर त्याच ओलीत पिकणारी ही डाळ आमच्याकडे घरोघर. पायांना लकवा होतो म्हणून तिच्या विक्रीवर १९६१पासून बंदी होती. महाराष्ट्रात ती २००८मध्ये उठली. रोज तेवढीच खाल्ली तर धोका खरा असतो, हे मीही तिला सांगितलं, आणि वडे तळून पुढे ठेवले. दिवाळीच्या सुट्टीत मेस बंद असताना तिघी खोलीतच अडकलो. स्टो माझा, तांदूळ माझे, रॉकेल पुणेकरणीचं. वर्धेच्या मुलीचं स्वतःचं ताट मेसमध्ये कुलूपबंद राहिलं होतं. तिनं माझ्या वडिलांचं ताट घेतलं आणि जेवली. आम्ही कोणीच त्यावर काही बोललो नाही. सुट्टीनंतर तिचं ताट परत मिळालं, तरी ती कधी त्यात जेवायची, कधी यात.

पुढच्या पिढीच्या पेट्यांबद्दल सांगण्यासारखं थोडं आहे. पेटीची सुटकेस झाली. तांदूळ एचएमटी झाला, नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी स्वतःच्या शेतात निवडून काढलेला. आता भंडाऱ्याच्या चिन्नोरला भौगोलिक मानांकन मिळालंय, पण पोरं तांदूळ नेतच नाहीत, कुकर चालवायला परवानगी नसते. भाचीची मुलगी यंदा पुण्याला गेली. तिच्यासाठी भंडाऱ्याच्या बाजारातून दोन ताटं घेतली, स्टीलची, कारण तिथे कल्हईवाला कुठे शोधणार. दुकानदारानं यंत्रानं नाव घालून दिलं. एकावर तिचं नाव आडनावासकट. दुसरं मी कोरं ठेवायला सांगितलं.

तिला वसतिगृह मिळालं. सगळ्यांना मिळत नाही. ज्यांना सरकारी वसतिगृहात प्रवेश मिळत नाही त्यांच्यासाठी २०१६-१७पासून स्वाधार योजना आहे, राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात. योजना चांगली आहे, माझ्याच दोन विद्यार्थ्यांचं शिक्षण तिच्यावर झालं. पण पैसे घेऊन खोली शोधायला निघालेल्या मुलाला घरमालक आधी आडनाव विचारतो. वसतिगृहात खोली गुणवत्ता यादीवर ठरते, आणि समोरच्या खाटेवर कोण येणार हे दोघांनाही आधी माहीत नसतं. ज्या खोलीत माणसं निवडून घेता येत नाहीत, तिथेच एकमेकांच्या ताटात जेवायची वेळ येते. म्हणून भत्ता वाढवाच, पण खाटाही वाढवा, असा अर्ज आम्ही काही निवृत्त शिक्षक दर जूनमध्ये समाजकल्याण कार्यालयात देतो. पवनी, साकोली, लाखांदूर, मोहाडी, प्रत्येक तालुक्याची मागणी वेगळ्या परिच्छेदात लिहितो आणि पोच घेऊन येतो.