उधारीची खरेदी, सदोष माल आणि ग्राहकाचा हक्क : जालना जिल्ह्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक अवलोकन

हप्त्याने घेतलेले कपाट घरी आले आणि त्याचे दार तिरके निघाले, तर उरलेले हप्ते थांबवावेत की तक्रार करून ते फेडत राहावे, हा प्रश्न शहरी मध्यमवर्गाला परिचित आहे. ग्राहक हक्कांविषयीच्या लेखनात बहुधा अशाच वस्तूंची उदाहरणे येतात. जालना जिल्ह्यात मात्र हा प्रश्न घरातील फर्निचरपेक्षा शेतातील बियाण्याच्या संदर्भात अधिक तीव्रतेने उभा राहिला आहे. कपाटाचा दोष दारातच दिसतो; बियाण्याचा दोष पेरणीनंतर कळतो आणि तेव्हा परत करण्यास वस्तूच शिल्लक नसते. उधारी मात्र शिल्लक राहते. कायद्याने उधारीवर खरेदी करणाऱ्याला ग्राहक म्हणून कोणत्या क्रमाने स्वीकारले आणि त्याचे देणे व त्याची तक्रार यांतील अंतर कितपत मिटवले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दख्खनमधील शेतकऱ्याच्या उधारीची कायद्याने पहिली मोठी दखल घेतली ती १८७५ च्या सावकारविरोधी दंग्यांनंतर. १८७९ च्या दख्खन कृषक साहाय्य अधिनियमाने पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांत ऋणकोला पावती व हिशेबाचा उतारा मिळण्याची तरतूद केली. पतव्यवहारातील दुर्बळ पक्षाच्या हाती कागद असला पाहिजे, हे तत्त्व तेथे प्रथमच ठळकपणे मान्य झाले. जालना परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात असल्याने हा कायदा येथे लागू नव्हता. हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यानंतर, १९५१ च्या भाग-ब राज्ये (कायदे) अधिनियमान्वये मालविक्री अधिनियम, १९३० या भागास लागू झाला. ब्रिटिश मुलखातील खरेदीदारास जे संरक्षण १९३० पासून उपलब्ध होते, ते येथे दोन दशकांनी आले. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात, १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला आणि १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांतील भाग घेऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला.

मालविक्री अधिनियमाचा पाया ‘खरेदीदाराने स्वतः सावध राहावे’ हा असला, तरी कलम १६ ने त्यास महत्त्वाचे अपवाद केले. खरेदीदाराने आपली गरज विक्रेत्यास सांगून त्याच्या जाणकारीवर विसंबून माल घेतला असेल, तर तो माल त्या कामास योग्य असण्याची गर्भित शर्त मानली जाते. उधारीच्या दृष्टीने कलम ५९ अधिक मोलाचे आहे. हमीचा भंग झाला असल्यास खरेदीदार तो भंग पुढे करून किमतीत घट मागू शकतो, प्रसंगी संपूर्ण किंमतच नाकारू शकतो. परंतु हा बचाव विक्रेत्याविरुद्धच चालतो. पैसे बँकेने, पतसंस्थेने वा वित्त कंपनीने दिले असतील, तर तो त्यांना सहजासहजी लागू पडत नाही. विक्री एकाची आणि पत दुसऱ्याची, ही हप्त्याच्या व्यवहारातील खरी मेख आहे. भाडे-खरेदीसाठी १९७२ मध्ये स्वतंत्र कायदा संमत झाला व त्यात मालाच्या दर्जाविषयी गर्भित शर्तीही होत्या. पण तो कधी अमलातच आणला गेला नाही आणि २००५ मध्ये निरसित झाला. तेहतीस वर्षे एक कायदा केवळ ग्रंथालयात राहावा, हे आपल्या विधिमंडळीय इतिहासातील एक चमत्कारिक प्रकरण होय.

१९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीने महाराष्ट्रात या प्रश्नाला सामाजिक अधिष्ठान दिले. २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने ‘ग्राहक’ या शब्दाची जी व्याख्या केली, तीत किंमत दिलेली, देण्याचे वचन दिलेली, अंशतः दिलेली, तसेच विलंबित प्रदानाच्या कोणत्याही पद्धतीने खरेदी केलेली वस्तू समाविष्ट होती. उधारीवर घेणारा रोखीने घेणाऱ्याइतकाच ग्राहक ठरला. १९९३ च्या दुरुस्तीने स्वयंरोजगाराद्वारे उपजीविकेसाठी केलेली खरेदी ‘व्यापारी प्रयोजन’ मानली जाणार नाही, असे स्पष्टीकरण जोडले.

बियाण्याच्या बाबतीत या व्याख्येची कसोटी लागली, आणि तीत जालन्याचे नाव पुढे येते. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालना येथे महाराष्ट्र हायब्रीड सीड्स कंपनी स्थापन केली. संकरित बियाण्याच्या प्रसारासाठी त्यांना १९९८ मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने या कंपनीविरुद्धच्या, सूर्यफुलाचे बियाणे न उगवल्याच्या तक्रारीवर निकाल दिला. बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही, असा कंपनीचा मुख्य आक्षेप होता. शेतकरी घेतलेले सर्व बियाणे पेरून टाकतो, नमुना राखून ठेवत नाही; कंपनीला तपासणी हवी होती तर तिनेच तशी मागणी करावयास हवी होती, ही भूमिका टिकली. पुराव्याचा भार व्यवहारातील वास्तवानुसार हलविणारा हा निर्णय शेतकऱ्यांच्या दृष्टीने मूलगामी ठरला. २०१२ मध्ये नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक आक्षेप निकालात काढला. बियाणे अधिनियम, १९६६ अस्तित्वात असताना शेतकऱ्याला ग्राहक मंचाकडे जाता येत नाही, हा युक्तिवाद फेटाळला गेला, कारण त्या अधिनियमात दर्जाचे नियंत्रण व शिक्षा असली तरी शेतकऱ्याला भरपाई देणारी यंत्रणा नाही.

न्यायालयीन तत्त्व असे स्थिर झाले, तरी मंचापुढे उभे राहण्यासाठी खरेदीचा पुरावा लागतो आणि उधारीचा व्यवहार नेमका येथे अडखळतो. हंगामाच्या तोंडावर कृषी सेवा केंद्रातून बियाणे व खत उधारीवर उचलायचे आणि माल विकल्यावर हिशेब चुकता करायचा, ही रीत सर्वपरिचित आहे. अशा वेळी नोंद दुकानदाराच्या वहीत राहते. शेतकऱ्याच्या हाती फार तर कच्ची चिठ्ठी येते आणि पक्के बिल पैसे चुकते होईपर्यंत लांबते. दोष मात्र पेरणीनंतर आठ-दहा दिवसांतच उघड झालेला असतो. वस्तुतः बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ नुसार प्रत्येक विक्रेत्याने खरेदीदारास रोखीचे अथवा उधारीचे ज्ञापन देणे बंधनकारक आहे. ‘उधारीचे’ हा शब्द त्या आदेशात स्पष्टपणे आहे, तरी त्याची चर्चा फारशी होत नाही. १८७९ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील ऋणकोसाठी मान्य झालेला कागदाचा हक्क येथे शतकानंतर विक्रेत्याचे कर्तव्य म्हणून आला. पण उधार घेणारा गिऱ्हाईक त्याच दुकानदाराकडे पुढच्या हंगामातही जाणार असल्याने तो कागदासाठी हट्ट धरीत नाही.

दुसरी उणीव पतपुरवठादाराच्या जबाबदारीची आहे. ब्रिटनच्या ग्राहक पत अधिनियमाने १९७४ मध्येच, विशिष्ट मर्यादेतील व्यवहारांत माल सदोष निघाल्यास विक्रेत्याबरोबर पतपुरवठादारासही जबाबदार धरले. भारतात तशी सर्वसाधारण तरतूद नाही. पीककर्जातून घेतलेले बियाणे उगवले नाही, तरी कर्जावरील व्याज थांबत नाही, आणि दुबार पेरणीसाठी नवी उधारी करावी लागते. भरपाईचा आदेश काही वर्षांनी येतो. तोवर मूळ देणे फुगलेले असते. कपाटाच्या बाबतीत ग्राहकाची गैरसोय होते, येथे संपूर्ण वर्षाचे उत्पन्न पणाला लागते. म्हणून दोन्ही खरेदींना एकच प्रक्रिया पुरेशी आहे, असे मानणे उचित वाटत नाही.

महाराष्ट्राने २००९ मध्ये कापूस बियाण्यापुरता स्वतंत्र कायदा करून त्यात शेतकऱ्याच्या भरपाईची तरतूद केली. सोयाबीनला तसे कवच नाही. जून २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीनच्या उगवणीविषयी मोठ्या संख्येने तक्रारी आल्या, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने वृत्तपत्रांतील बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. पुढच्याच महिन्यात, २० जुलै २०२० पासून, ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अमलात येऊ लागला. बियाणे कंपनीचे कार्यालय कोठेही असो, अंबड वा भोकरदनच्या शेतकऱ्याला आता आपल्या राहत्या जिल्ह्यातील आयोगाकडेच तक्रार दाखल करता येते. तक्रारीसोबत बियाण्याची पिशवी, तीवरील लेबल व पंचनामा यांच्या जोडीला उधारीचे ते ज्ञापन मात्र त्याला जोडावेच लागते.