‘ऑसगुड-श्लाटर’ : एका व्याधिनामाचा व शस्त्रक्रियेचा इतिहास

व्याधीला नाव देणे म्हणजे तिचे कारण सांगणे नव्हे. तथापि नाव एकदा रूढ झाले, की ते कारणाचेच स्थान घेते आणि उपचाराची दिशाही पुष्कळदा त्याच्या अनुरोधाने ठरते. कुमारवयात उद्भवून काहींच्या बाबतीत प्रौढपणीही टिकून राहणाऱ्या ‘ऑसगुड-श्लाटर रोग’ नामक गुडघेदुखीचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

गुडघ्याच्या वाटीपासून निघालेली जाड कंडरा नडगीच्या वरच्या भागी, पुढील बाजूस असलेल्या उंचवट्यावर येऊन बसते. मांडीच्या पुढील स्नायूंचा सारा ओढा या उंचवट्यावर पडतो. वाढत्या वयात तो कूर्चामय असतो. त्यात हाडाचे स्वतंत्र केंद्र निर्माण होते व वाढ पुरी होताना ते मुख्य हाडाशी सांधले जाते. धावणाऱ्या, उड्या मारणाऱ्या मुलामुलींत सांधण्यापूर्वीच त्यावर वारंवार ताण पडतो, तेथे टेंगूळ येते व ते दुखते.

१८९५ साली क्ष-किरणांचा शोध लागेपर्यंत हाडातील हा बदल जिवंत माणसात पाहणे शक्य नव्हते. पुढे आठच वर्षांनी, १९०३ मध्ये, बोस्टन येथील रॉबर्ट बेली ऑसगुड व झुरिच येथील कार्ल श्लाटर यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. श्लाटर हे १८९७ साली संपूर्ण जठर काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी करून आधीच ख्यातनाम झाले होते. दोघांची शब्दयोजना लक्षणीय आहे. ऑसगुड यांनी आपल्या लेखाच्या शीर्षकात ‘लीजन’, म्हणजे विकृत झालेला भाग, हा शब्द वापरला. श्लाटर यांनी ‘फेअरलेट्सुंग’, म्हणजे इजा, या शब्दाचे अनेकवचन योजिले. ‘रोग’ हा शब्द दोघांच्याही शीर्षकात नाही. तो त्यांच्या जोडनावापुढे उत्तरकालीनांनी लावला.

त्यानंतर दाहवाचक ‘-आयटिस’ हा प्रत्यय आला. डेव्हिड बॉसवर्थ यांनी १९३४ साली मांडलेल्या शस्त्रक्रियेच्या शीर्षकात ‘एपिफिसायटिस’, म्हणजे हाडाच्या वाढत्या टोकाचा दाह, ही संज्ञा होती. रुग्णाच्याच हाडाच्या खुंट्या उंचवट्यात ठोकून तो मुख्य हाडाशी लवकर सांधावा, असा तिचा उद्देश होता. दोष संपूर्ण उंचवट्याचा मानला, म्हणजे तो जोडून टाकणे हाच उपाय ठरतो. परंतु वाढ चालू असलेल्या हाडावर असा हस्तक्षेप केल्यास वाढीची कूर्चा अकाली मिटून गुडघा मागे वाकण्याचा धोका असतो.

१९५६ साली टॉमसन यांनी ‘ऑस्टिओकाँड्रायटिस’ या नावाखालीच, पण वेगळी शस्त्रक्रिया मांडली : कंडरा उभी विभागून पुढे आलेला उंचवटा व हाडाचे सुटे तुकडे काढून टाकणे. प्रत्यय दाहाचाच राहिला. शस्त्र मात्र जोडण्याकडून काढण्याकडे वळले. १९७६ मध्ये ऑग्डेन व साउथविक यांनी उंचवट्याच्या वाढीचा अभ्यास करून ही विकृती कंडरेच्या ओढीने हाडाच्या केंद्राचा अंश सुटून निघाल्यामुळे होते, असे प्रतिपादिले. श्लाटर यांचा ‘इजा’ हा अर्थ अशा रीतीने त्र्याहत्तर वर्षांनी परतला.

१९८० साली मितल व त्यांच्या सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया केलेल्या पंधरा विकृतींचा वृत्तांत प्रसिद्ध केला. शीर्षकात त्यांनी ‘तथाकथित’ हे विशेषण घातले आणि ‘रोग’ टाळून पुन्हा ‘लीजन’ शब्द स्वीकारला. त्यांना कंडरेलगत हाडाचा एक न सांधलेला, सुटा कण आढळला. तो काढल्यावर वेदना शमली. प्रौढाचे दुखणे म्हणजे रेंगाळलेला बालरोग नसून मागे राहिलेला हा कण होय, हे त्यातून स्पष्ट झाले.

आज विश्रांती, व्यायाम इत्यादी उपायांनी गुण न आल्यास, आणि बहुधा हाडांची वाढ संपल्यावरच, हा कण काढून उंचवटा तासतात. कंडरेची मुख्य पकड मात्र राखावी लागते. काही ठिकाणी हे काम दुर्बिणीद्वारेही होते. फिनलंडमधील लष्करी सेवेतील तरुणांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा आहे. शस्त्रक्रियेनंतर सुमारे दहा वर्षांनी १०७ जणांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ८७ टक्के लोकांना दैनंदिन व्यवहारात वा कामात अडचण उरली नव्हती, तर ७५ टक्के लोक खेळाच्या पूर्वीच्या पातळीवर परतले होते. म्हणजे उपाय गुणकारी आहे, परंतु सर्वांस सारखा नव्हे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या दहाव्या रोगवर्गीकरणात मात्र ही व्याधी ‘कुमारवयीन’ या विशेषणाखालीच नोंदली गेली. बहुसंख्य मुलांच्या बाबतीत वाढ संपताच दुखणे थांबते, म्हणून ते विशेषण निराधार नाही. परंतु तिशीतील ज्या माणसाला गुडघे टेकून बसता येत नाही, त्याला ‘हे वयाबरोबर जाईल’ असे सांगणे म्हणजे त्याच्या वेदनेची परीक्षा न करता तिच्या नावावर विसंबणे होय. त्याच्या बाबतीत ते वय कधीच सरलेले असते. शोध घ्यावयाचा तो कंडरेलगतच्या कणाचा.