कायदा आला, डॉक्टर कुठे? अमेरिकेच्या सामुदायिक आरोग्य केंद्रांचा इतिहास #थ्रेड

१/
२०१० साली अमेरिकेत आरोग्य क्षेत्रातील मनुष्यबळाचा विचार करण्यासाठी १५ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग नेमण्यात आला. त्याची एकही बैठक झाली नाही. हे असे का घडले, ते समजून घेण्यासाठी साठच्या दशकातील मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यापर्यंत मागे जावे लागते.

२/
वैद्यकीय विद्यार्थी असताना जॅक गायगर १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील फोलेला येथे गेले. सिडनी आणि एमिली कार्क या डॉक्टर दांपत्याने तेथे उभारलेले केंद्र रोगाबरोबरच रोग्याचे घर, पाणी आणि अन्न यांचाही विचार करीत असे. ही दृष्टी गायगर यांनी मायदेशी आणली.

३/
डॉ. गायगर आणि डॉ. काउंट गिब्सन यांनी टफ्ट्स विद्यापीठामार्फत दोन केंद्रे उभारली. पहिले डिसेंबर १९६५ मध्ये बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत. दुसरे पुढे मिसिसिपीतील माउंड बायू येथे, मुक्त झालेल्या गुलामांनी १८८७ मध्ये वसवलेल्या गावात. निधी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दारिद्र्यविरोधी मोहिमेतून आला.

४/
माउंड बायूचे डॉक्टर कुपोषित मुलांच्या चिठ्ठीवर अन्नधान्य लिहून देत. दुकानदार ते देत आणि खर्च केंद्राच्या औषधखात्यावर पडे. यावर आक्षेप आला, तेव्हा गायगर यांचे उत्तर सरळ होते : पाठ्यपुस्तकानुसार कुपोषणावरचा उपचार अन्न हाच आहे.

५/
अशा कामाला सामान्य रोगांवर उपचार करणारे डॉक्टर हवे होते. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर वैद्यक विशेषज्ञांच्या दिशेने वळले होते. १९६५ च्या मेडिकेअर कायद्याने पदव्युत्तर प्रशिक्षणाचा पैसाही मोठ्या रुग्णालयांकडे वळवला. जेथे पैसा, तेथे प्रशिक्षण. आणि जेथे प्रशिक्षण, तेथेच बहुतेकांचा व्यवसाय.

६/
त्याच १९६५ साली दोन पर्याय जन्मले. कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड आणि हेन्री सिल्व्हर यांनी परिचारिकांना तपासणी व उपचारांचे प्रगत शिक्षण देण्यास आरंभ केला. ड्यूक विद्यापीठात यूजीन स्टेड यांनी नौदलातील माजी वैद्यकीय सेवकांना ‘फिजिशियन असिस्टंट’ म्हणून घडवले. पुढे आरोग्य केंद्रांचा मोठा भार या दोन वर्गांनी उचलला.

७/
१९७० च्या कायद्याने ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर’ आली. शिष्यवृत्ती घ्या, पुढे कर्जफेडीची मदतही घ्या. मोबदल्यात काही वर्षे उपेक्षित भागात सेवा करा. १९९४ पासून परदेशी डॉक्टरांनाही अशा भागात तीन वर्षे काम केल्यास व्हिसाच्या अटीत सूट मिळू लागली. अनेक भारतीय डॉक्टर अमेरिकेच्या खेड्यांत पोहोचले ते याच वाटेने.

८/
२००२ पासून राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केंद्रांची संख्या वेगाने वाढवली. इमारती उभ्या राहिल्या. परंतु २००४ च्या पाहणीत कुटुंबवैद्यांच्या, निधी मंजूर असलेल्या, ४०० हून अधिक जागा रिक्त आढळल्या. ग्रामीण केंद्रांची स्थिती अधिक बिकट होती.

९/
२००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सने जवळजवळ प्रत्येकाला विमा देणारा कायदा केला. विमा मिळाल्यावर गरीब रुग्ण खासगी दवाखान्यांकडे जातील, असा अनेकांचा अंदाज होता. घडले उलटेच : केंद्रांतील रुग्ण वाढले. राज्यात प्राथमिक उपचारांसाठीची प्रतीक्षाही लांबली. हातात विमापत्र होते, पण भेटीची वेळ मिळत नव्हती.

१०/
२०१० च्या ‘ओबामाकेअर’ने हा धडा काही अंशी घेतला. पाच वर्षांसाठी केंद्रांना १,१०० कोटी डॉलर आणि सर्व्हिस कोअरला १५० कोटी डॉलर दिले. नव्या डॉक्टरांचे प्रशिक्षण थेट आरोग्य केंद्रांत व्हावे, अशीही सोय केली.

११/
मात्र ही तरतूद मुदतीची होती; तिचे नूतनीकरण संसदेच्या मर्जीवर राहिले. मनुष्यबळ आयोगाचे सदस्य तर सप्टेंबर २०१० मध्ये जाहीरही झाले, परंतु अमेरिकी संसदेने त्याला निधीच दिला नाही. किती डॉक्टर, कोणते आणि कोठे हवेत, हे ठरवण्यासाठी नेमलेले मंडळ एकदाही एकत्र बसू शकले नाही.

१२/
विम्याचा कायदा एका मतदानात संमत होतो. कुटुंबवैद्य घडायला मात्र पदवीनंतरही वैद्यकीय महाविद्यालयाची चार आणि प्रशिक्षणाची तीन वर्षे लागतात. म्हणून आरोग्यसुधारणांचा इतिहास वाचताना किती लोकांना विमा मिळाला, एवढेच पाहून थांबू नये. दाराआड तपासायला कोण बसले होते, हेही विचारावे.

(समाप्त)