चाळीस बिटांचे कुलूप

कार्यालयीन संगणकाच्या वायरलेस सेटिंग्जमधील सुरक्षेच्या यादीत ‘वेप’ हे नाव एके काळी सर्रास दिसे. १९९७ च्या ८०२.११ मानकाबरोबर ते अवतरले. किल्ली अवघी ४० बिटांची; कारण अमेरिकेचे निर्यातनिर्बंध. १९९६ पर्यंत तर गूढलेखन तेथे चक्क युद्धसामग्रीत गणले जाई!

खरे दुखणे मात्र निराळेच होते. प्रत्येक पॅकेटसोबत जाणारा बदलता आकडा फक्त २४ बिटांचा. गजबजलेल्या नेटवर्कवर तो काही तासांतच पुन्हा वापरला जाई. २००१ मध्ये फ्लुरर, मँटिन व शमीर यांनी आरसी४ मधील दोष उघड केला: पुरेशी पॅकेट्स नुसती ऐकून मूळ किल्ली काढता येई. १०४ बिटांची किल्लीही तरली नाही. २००३ मध्ये जुन्याच यंत्रांवर चालणारा ‘डब्ल्यूपीए’ हा तात्पुरता उतारा आला, तर एईएसवर आधारलेले ‘डब्ल्यूपीए२’ २००४ मध्ये.